फलक लावण्याआधी: सेवेत असताना गेलेल्या सहकाऱ्यांसाठी कार्यालयाने काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नगरपरिषदेत गेल्या सहा वर्षांत अकरा कर्मचारी सेवेत असतानाच वारले. चौघे कोविडमध्ये, एक पाण्याच्या टाकीवरून पडून, बाकीचे आजारपणाने. दर वेळी शोकसभा झाली, फोटोला हार घातला, दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि महिन्याभरात त्या टेबलावर दुसरं कोणीतरी बसलं. आता काही जणांनी वर्गणी काढून आवारात स्मृतिफलक लावायचं ठरवलं आहे. त्यावर कोणाची नावं घ्यावीत, काय लिहावं, दर वर्षी काय करावं, असं विचारलं आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "अकरापैकी दोघांच्या घरच्यांचे पैसे अजून अडकलेले आहेत."

मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या आस्थापना विभागात काम केलं. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सेवेत असताना गेलेल्या कितीतरी माणसांची सेवापुस्तकं माझ्या हाताने बंद केली आहेत. त्या अनुभवावरून तुमची शेवटची ओळ मी सगळ्यात वर घेते. त्या दोन कुटुंबांचे पैसे निघेपर्यंत फलकाची वर्गणी गोळा करू नका.

हे मी कठोरपणे का सांगते, ते ऐका. आमच्याकडे आरोग्य विभागातला एक मुकादम गेला. शोकसभा मोठी झाली, मुख्याधिकारी बोलले, नगराध्यक्ष बोलले. त्याचा फोटो फ्रेम करून आस्थापनेच्या बाहेरच्या व्हरांड्यात लावला. पुढचे आठ महिने त्याची बायको महिन्यातून दोनदा यायची आणि त्याच व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. डोक्यावर नवऱ्याचा फोटो, त्याला आम्ही घातलेला, वाळून गेलेला हार. आत फाईल अडली होती, कारण सेवापुस्तकात नाव एक होतं आणि आधार कार्डावर आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं. एका प्रतिज्ञापत्राचं काम होतं. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. ती फाईल माझ्या टेबलावर नव्हती, पण टेबल माझ्या शेजारचं होतं आणि मी विचारलं नव्हतं. त्या बाकाची मला आजही लाज वाटते.

तर आधी फाईल. सेवेत मृत्यू झाला की घरच्यांना साधारण पुढच्या गोष्टी मिळायच्या असतात: कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, गटविम्याची रक्कम, शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण (कमाल ३०० दिवसांचं) आणि वारसाला अनुकंपा नियुक्तीसाठी, म्हणजे गेलेल्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळण्यासाठी, अर्ज. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांची निवृत्तिवेतनाची योजना वेगळी आहे, त्यामुळे नेमणुकीचा दिनांक सगळ्यात आधी पाहा. सफाई कामगार असेल तर वारसाला नोकरी मिळण्यासाठी लाड-पागे समितीच्या शिफारशींची वाट निराळी आहे. ती अनुकंपाच्या यादीत घुसडू नका, त्यात वारसाचं नुकसान होतं. कोविडच्या कामावर असताना गेलेल्यांसाठी राज्य शासनाने ५० लाख रुपयांचं सानुग्रह सहाय्य जाहीर केलं होतं. तुमच्या चौघांचे प्रस्ताव गेले होते का, गेले असतील तर कोणत्या त्रुटीवर परत आले, हे जावक नोंदवहीत सापडेल.

फाईल अडते ती बहुतेक वेळा चार-पाच कारणांनीच. सेवापुस्तकात वेतन पडताळणीचा शिक्का नसतो. नामनिर्देशन लग्नाच्या आधीचं, आईच्या नावाचं असतं आणि नंतर कोणी बदललेलं नसतं. ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे त्या माणसाकडून काही येणं बाकी नाही असा दाखला, एखाद्या विभागाने दिलेलं नसतं. वारस दाखल्यावर एका मुलीचं माहेरचं नाव आणि रेशन कार्डावर सासरचं. यातलं काहीही घरच्यांच्या हातात नाही, सगळं आपल्या कपाटात आहे. म्हणून माझा आग्रह असतो की मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत विभागातल्या एकाच माणसाला त्या कुटुंबासाठी नेमावं. साहेबांनी आदेश काढला तर उत्तम, नाही काढला तरी तुमच्यापैकी कोणीतरी स्वतःहून घ्यावं. त्याने कुटुंबाच्या घरी जावं, सगळे अर्ज एकाच वेळी भरून घ्यावेत, झेरॉक्सचे संच करावेत आणि बाईंना फक्त सहीपुरतं बोलवावं. अनुकंपाच्या अर्जाला मुदत असते आणि दुःखातलं घर मुदती पाहत नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या सज्ञान होण्याची तारीख फाईलच्या वरच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा, कारण तोपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

मृत्यूचा दाखलाही आपल्याच इमारतीत बनतो, हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातल्या बाईंनी एकदा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा दाखला तयार केला. वीस वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या होत्या. नाव, वय, पत्ता सगळं पाठ होतं, तरी त्यांनी अर्ज समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. पाच प्रती काढल्या, शिक्के मारले आणि स्वतः घरी नेऊन दिल्या. "तिच्या पोरींना रांगेत उभं राहायला लागू नये," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आमच्याकडे ती पद्धतच पडली. कर्मचाऱ्याचा दाखला घरी पोहोचवायचा.

आता यादी. अकरा ही संख्या तुम्ही कुठून काढली? आस्थापनेच्या वहीतून काढली असेल तर ती कमी आहे, हे मी तुमचं कार्यालय न पाहता सांगते. कंत्राटी सफाई कामगार, घंटागाडीवरचे चालक, टँकरवरचे मदतनीस, रोजंदारीवरचे माळी, मानधनावरच्या आशा सेविका, ठेकेदाराकडून आलेले संगणक चालक हे त्या वहीत नसतात. लोकांना सेवा त्यांनीच दिलेली असते. घराच्या दारात येणारी नगरपालिका म्हणजे बहुतेक वेळा हीच माणसं.

यादीत असण्या-नसण्याने काय फरक पडतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गासड्याही होत्या. दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि त्यांच्यामुळेच देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ६६ हा आकडा ठाम आहे. त्याच दिवशी गोदीत आणि आसपास जे मजूर, हमाल, रहिवासी गेले, त्यांचा आकडा मात्र आजही कोणी आठशे सांगतं, कोणी त्याहून बराच जास्त. मला वाटतं, दलाच्या हजेरीपटावर नावं होती म्हणून ते ६६ जण राहिले. हजेरीपट ही साधी वस्तू नाही.

म्हणून तुम्ही हजेरीपटच शोधा. पगाराची देयकं, ठेकेदाराची हजेरीपत्रकं, भविष्य निर्वाह निधीची चलनं, अपघाताच्या वेळचे पंचनामे, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातले दुखवट्याचे ठराव, एवढं चाळा. मग निवृत्त मुकादमांना बोलवा. दोन मुकादम आणि एक निवृत्त शिपाई एका खोलीत बसले की तीस वर्षांतली नावं निघतात. एकाला नाव आठवतं, दुसऱ्याला साल, तिसऱ्याला घर. आमच्या यादीत असे चौदा जण वाढले. त्यातल्या दोघांचं पाळण्यातलं नाव आणि कागदावरचं नाव इतकं वेगळं होतं की घरी जाऊनच खात्री करावी लागली. नाव घरच्यांकडून लिहून घ्या, त्यांच्याच अक्षरात. दगडावर चुकलेलं नाव फार वाईट दिसतं.

कंत्राटी माणसाची नोंद करताना त्याच्या कुटुंबाचा हक्कही बघून घ्या, कारण यादी करताना तुम्ही तसेही त्यांच्या दारात जाणारच आहात. ठेकेदाराने पीएफ भरला असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, कमाल ७ लाख रुपयांचा, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापलेलं नसतं, म्हणून घरच्यांना तो ठाऊकच नसतो. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरून मृत्यू झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. हे पैसे "माणूस आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता" म्हणून टाळता येत नाहीत. आणि फलकावरही तो माणूस टाळता येत नाही.

क्रम कसा लावायचा, हा प्रश्न तुमच्याकडे नक्की येणार. पदानुसार लावू नका. मृत्यूच्या दिनांकाप्रमाणे लावा. मग अभियंत्याच्या खाली सफाई कामगार आणि त्याच्या खाली लेखापाल असं आपोआप येतं. आमच्या एका वरिष्ठांना हे पटलं नव्हतं. त्यांना मी पोलिसांचं सांगितलं. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात पोलीस दलाचे दहा जवान गेले. तेव्हापासून तो पोलीस स्मृतिदिन आहे आणि दर वर्षी त्या दिवशी वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव परेडवर मोठ्याने वाचलं जातं. शिपायाचंही आणि अधिकाऱ्याचंही. वरिष्ठ गप्प राहिले आणि फाईलवर सही केली.

काही नावांवर कुजबुज होईल. आत्महत्या केलेला, दारूने गेलेला, निलंबित असताना गेलेला, ज्याची चौकशी चालू होती तो. माझं मत स्पष्ट आहे: मृत्यू कसा आला, हे यादीचं काम नाही. त्याने किती वर्षं काम केलं, कोणतं केलं, हे यादीचं काम आहे. अशा घरी जाताना मात्र एकट्याने जा, घोळक्याने नको. कारण विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐकून घ्या आणि कार्यालयात येऊन सांगू नका. कोणत्याही कुटुंबाला नाव नको असेल तर ते घेऊ नका, आणि का नको असंही विचारू नका.

आता काय लिहावं. मी आमच्या सभेच्या इतिवृत्तातले जुने दुखवट्याचे ठराव एकदा सलग वाचले. प्रत्येक माणूस मनमिळाऊ होता, कर्तव्यदक्ष होता, हसतमुख होता, आणि प्रत्येकाच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली होती. नावं झाकली तर कोण कोणता, हे त्यांच्या बायकांनाही ओळखता आलं नसतं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यापेक्षा जास्त माणूस असतो. उंची लिहिलेली असते, ओळखीची खूण लिहिलेली असते, डाव्या भुवईवर व्रण किंवा उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ तीळ, आणि नोकरीला लागतानाचे, विशीतले अंगठ्याचे ठसे असतात. ते पान मी कधीच पटकन उलटू शकले नाही.

आमचे एक व्हॉल्व्हमन होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. बावीस वर्षं पहाटे साडेतीनला उठून वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडायचे. ते गेल्यावर आठवडाभर गावातलं पाणी बिघडलं. खालच्या आळीत पाईप फुटली, वरच्या वस्तीत पाणी चढेना. दोन अभियंते नकाशे घेऊन फिरत होते. शेवटी त्यांच्या मुलाने एक वही आणून दिली. शाळेची दोनशे पानी वही, कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत शिवलेलं. आत प्रत्येक चौकातल्या व्हॉल्व्हची नोंद. "देवळाजवळचा, सतरा आटे. अठरावा सोडू नये, खाली जुनी लाईन आहे." "शाळेजवळचा उलटा फिरतो." "या गल्लीत शेवटच्या घरात म्हातारी एकटी, पाणी पाच मिनिटं जास्त." ही शेवटची नोंद वाचून पाणीपुरवठ्याचे अभियंता खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

शोकसभेत त्या दिवशी भाषण झालं नाही. त्या वहीतली तीन पानं वाचली. वाचणारा त्यांच्या जागी आलेला मुलगा होता, तेवीस वर्षांचा, आणि "म्हातारी एकटी" या शब्दांवर तो अडखळला. लोकांनी मामांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, असं मला वाटलं.

प्रत्येकाची वही निघणार नाही. पण प्रत्येकाच्या कामात अशी एखादी गोष्ट असतेच, आणि ती शोधायला दोन-तीन माणसांशी बोलावं लागतं. घरच्यांना "ते कसे होते?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "चांगले होते" असंच येतं आणि मग डोळ्यांत पाणी येतं आणि बोलणं थांबतं. असं विचारा: सकाळी किती वाजता निघायचे? जाताना काय काय घेऊन जायचे? घरी आल्यावर कामातलं काय सांगायचे? पुराच्या वेळी किती दिवस घरी आले नव्हते? कोणावर चिडायचे? सहकाऱ्यांना विचारा: त्याने तुम्हाला काय शिकवलं? आज ते काम करताना तुम्ही त्याच्यासारखं काय करता? या प्रश्नांना खरी उत्तरं येतात. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि लिहिलेला मजकूर छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा.

प्रत्येकासाठी एक पान पुरे. विभाग, पद, किती वर्षं, कोणती कामं, आणि दोन-तीन खऱ्या गोष्टी. कर वसुलीतल्या एका बाईंबद्दल आमच्या नोंदवहीत एवढंच आहे: "थकबाकीदाराच्या घरी जप्तीची नोटीस देताना आधी पाणी मागून प्यायच्या. म्हणायच्या, पाणी देणाऱ्याला आपणही वेळ द्यायला शिकतो." त्यांचं बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

ही पानं बांधीव नोंदवहीत ठेवा, तिला आवक-जावकासारखा क्रमांक द्या आणि ती आस्थापनेच्या कार्यभार यादीत चढवा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. कार्यभार यादीत नसलेली वस्तू पहिल्या बदलीत हरवते. संगणकावरची प्रत वेगळी ठेवा, पण बांधीव वही पाहिजेच.

फलकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधा काळा दगड, नाव, विभाग, दोन तारखा. खाली जागा मोकळी सोडा. उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांची नावं त्यावर अजिबात नकोत; अशा फलकांवर मी पाहुण्यांची अक्षरं गेलेल्यांपेक्षा मोठी पाहिली आहेत. फलक वाहनतळाच्या भिंतीवर लावू नका. हजेरीच्या जागेजवळ लावा, जिथे पहाटेच्या पाळीतले लोक उभे राहतात. तो पुसायचा कोणी, हे लेखी ठरवा.

वार्षिक दिवस तुमच्या कोणत्याही एका सहकाऱ्याच्या पुण्यतिथीला ठेवू नका, बाकीच्या घरांना वाईट वाटतं. नगरपरिषदेच्या स्थापनेचा दिवस सोयीचा पडतो. वेळ मात्र दोन ठेवा. अग्निशमन, पाणीपुरवठा, दवाखाना आणि सफाईचे लोक अकरा वाजताच्या सभेला येऊ शकत नाहीत, तेव्हा ते कामावर असतात किंवा पाळी संपवून झोपलेले असतात. पहाटेच्या हजेरीला एकदा नावं वाचा आणि दुपारी कार्यालयात एकदा. नावं वाचायला त्या वर्षी लागलेल्या सगळ्यात नव्या कर्मचाऱ्याला सांगा. वाचण्याआधी त्याला ती सगळी पानं एकदा घरी नेऊन वाचू द्या. टाकीवरून पडलेल्या सहकाऱ्याच्या वेळी जे जागेवर होते, त्यांना हजर राहायची सक्ती करू नका. काहींना त्या दिवशी रजा हवी असते, ती द्या. त्या टाकीच्या शिडीला आता कठडा आणि सुरक्षा पट्टा आहे का, हेही त्याच दिवशी जाऊन बघा आणि नसेल तर प्रस्ताव त्याच दिवशी टाका.

व्हॉट्सॲप गटावर बातमी टाकण्याआधी घरच्यांना कळलं आहे याची खात्री करा. अपघाताचे फोटो टाकू नका, आलेले पुढे पाठवू नका. गेलेल्या माणसाचा नंबर गटातून काढायची घाई कोणी करू नये. आमच्याकडे एका बाईंनी तो नंबर दोन वर्षं चालू ठेवला होता, नवऱ्याच्या ऑफिसचे रोजचे निरोप वाचायला.

तुमच्या त्या दोन अडकलेल्या फाईलींबद्दल मला नावं कळवू नका. नेमणुकीचा दिनांक, गट, नामनिर्देशन कोणाच्या नावाने आहे आणि शेवटची त्रुटी कोणत्या पत्राने आली, एवढं कळवा. कोणते कागद कोणत्या क्रमाने जोडायचे, ते मी लिहून पाठवते.